कॉफीचा चोथा कुजवायचं कल्चर: ३९९ चा पुडा, तीन बादल्या आणि मेथीचे दाणे

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर कल्चरचे, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या पावडरीचे, असे पुडे ऑनलाइन डझनभर मिळतात आणि सगळ्यांच्या पाठीवर मजकूर जवळपास सारखाच, आणि दुसरं म्हणजे मला कुणाशी भांडायचं नाहीये, माझ्या ३९९ रुपयांचं काय झालं तेवढं सांगायचंय. घ्यायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

सगळ्याचं मूळ माझा भाचा. त्याने नाशकात कॉफीचं छोटं दुकान टाकलंय, तिथे रोज रात्री पाच-सहा किलो ओला चोथा निघतो, मशीनमधून त्या गोल गोल चकत्या पडतात ना त्या. तो म्हणाला मावशी तुझी एवढी गच्चीवर बाग आहे, ने की, लोक विकत घेतात हे. मी पण खुळ्यासारखी पहिल्या दिवशी दोन पिशव्या उचलून आणल्या आणि थेट मिरचीच्या कुंड्यांमध्ये पसरल्या, चांगला दोन बोटं जाड थर. आठ दिवसांत त्याची वर खरपुडी धरली, पाणी घातलं की आत मुरेचना, कडेने वाहून जायचं, वर पांढरी बुरशी, आणि मिरचीची लहान रोपं होती ती पिवळी पडून मान टाकून बसली. सासूबाई वर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, चोथा आम्हीपण घालायचो गुलाबाला, पण चहाचा, आणि तोही मूठभर, धुऊन. तू तर गोवऱ्या थापल्यासारखा थापलायस."

तर मुद्दा असा की कच्चा चोथा म्हणजे खत नाही. कॉफीचं झाड कॅफिन बनवतं ते आपली झोप उडवायला नाही, किड्यांनी पानं-बिया खाऊ नयेत म्हणून, आणि खाली पडलेल्या पानांतून-बियांतून ते मातीत उतरलं की आजूबाजूचं बी पण नीट रुजत नाही. हवाईमध्ये २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की १-२ टक्के कॅफिनच्या पाण्याने गोगलगायी मरतात. चोथ्यात तेवढं नसतं, बरंचसं कपात उतरलेलं असतं, पण थोडं उरतंच आणि कोवळ्या रोपाला ते पुरतं. वर कच्चा चोथा कुजायला लागला की मातीतला नायट्रोजन आधी जिवाणूच ओढून घेतात, रोपाला काही उरत नाही. म्हणजे माझ्या मिरच्यांना दोन्हीकडून मार.

मग मी शोधाशोध केली आणि हा पुडा सापडला. "कॉफी व चहा कचऱ्यासाठी खास कल्चर, २१ दिवसांत कॅफिन ९० टक्के कमी", २५० ग्रॅम, ३९९ रुपये, डिलिव्हरी वेगळी. फोटोत हिरवंगार शेत आणि एक हसरी बाई. घेतला.

आला मे महिन्यात. नाशकात तेव्हा चाळिशी गाठलेली, आणि पुडा कुरियरच्या गाडीत किती दिवस भाजत होता देव जाणे, एका कोपऱ्याला फाटलेला, आतली करडी पावडर बॉक्सभर सांडलेली. वजन केलं तर २२० ग्रॅमच्या आसपास. पॅकिंगला शून्य. बनवल्याची तारीख होती, ती सात महिन्यांपूर्वीची. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

पाठीमागे लिहिलेलं: "उपयुक्त जिवाणू व बुरशी यांचे मिश्रण". बस. कोणते जिवाणू, किती, काही नाही. व्हॉट्सॲप नंबर दिलेला म्हणून विचारलं की यात कॅफिन खाणारा जिवाणू नेमका कोणता आहे. उत्तर आलं, "मॅम १०० टक्के ऑरगॅनिक आहे". मी म्हटलं ते ठीक, पण नाव काय त्याचं. तर अंगठा आला. नुसता अंगठा.

आता गंमत अशी की पुड्यावरचा दावा मुळात खोटा नाहीये. मातीत असे जिवाणू खरंच असतात जे कॅफिनवर जगतात, नुसतं सहन करत नाहीत, जेवतात. माझं बीएस्सी मायक्रो आहे, वीस वर्षांपूर्वीचं, त्यामुळे हे वाचताना मला जरा जास्तच मजा आली, तुम्हाला कंटाळा आला तर पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडा आणि बादल्यांवर या.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात त्यांच्याच आवारातल्या फुलांच्या वाफ्यातल्या मातीतून एक जिवाणू काढला, सुडोमोनास पुटिडा, त्याचा वाण सीबीबी-५. काढायची पद्धत फार सोपी आणि फार हुशार आहे, पाण्यात थोडे क्षार घालायचे, खायला कॅफिन सोडून काहीच द्यायचं नाही, ना साखर ना दुसरा नायट्रोजन, आणि त्यात चिमूटभर माती टाकायची. ज्याला कॅफिन पचतं तो वाढतो, बाकीचे उपाशी बसतात. असं चार-पाच वेळा नव्या पाण्यात थोडं थोडं टाकत गेलं की शेवटी पंगतीत तोच उरतो. २०११ साली त्यांनी हे एका परिषदेत मांडलं आणि पुढच्या वर्षी त्यामागची जनुकं पण छापून आली.

तो खातो कसा ते ऐका. कॅफिन म्हणजे दोन कड्या जोडलेल्या झँथिनवर तीन मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचे छोटे तुकडे) चिकटवलेले, एक, तीन आणि सात नंबरच्या नायट्रोजनवर. सीबीबी-५ कडे तीन कात्र्या आहेत, म्हणजे एन्झाइम, एनडीएम-ए, बी आणि सी. ए वाली एक नंबरचा मिथिल कापते, की कॅफिनचं थिओब्रोमीन होतं, म्हणजे चॉकलेटमधलं. मग बी वाली तीन नंबरचा कापते, मग सी वाली सात नंबरचा, आणि उरतं साधं झँथिन. कात्र्या आपल्या आपण चालत नाहीत, त्यांना इलेक्ट्रॉन पुरवायला एनडीएम-डी नावाचं वेगळं प्रथिन लागतं. आणि कापलेला प्रत्येक मिथिल बाहेर पडतो तो फॉर्माल्डिहाइड होऊन, हो, तेच ते प्रयोगशाळेतल्या बरण्यांमधलं, पण जिवाणू तेही लगेच वापरून टाकतात त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पुढे झँथिनचं युरिक ॲसिड, तेच जे आपल्याकडे अंगठ्याच्या सांध्यात साठून बोंब मारायला लावतं, आणि ते फुटत फुटत शेवटी अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. कॅफिनच्या वजनात जवळपास २९ टक्के नायट्रोजन असतो बरं का, युरियात ४६. म्हणजे विषच शेवटी खत होतं, फक्त मधलं काम कुणीतरी करायला हवं.

(आपलं यकृत पण हेच मिथिल कापायचं काम करतं, पण ते आधी तीन नंबरला हात घालतं, त्यामुळे आपल्या अंगात थिओब्रोमीनपेक्षा दुसराच एक पदार्थ जास्त बनतो. जिवाणूने आणि आपण वेगवेगळ्या टोकाने सुरुवात केलीये. उगीच आठवलं म्हणून.)

हा एकच रस्ता नाही. काही जिवाणू मिथिलला हात न लावता कडीच्या आठ नंबरच्या कार्बनवर ऑक्सिजन बसवतात आणि थेट ट्रायमिथिल युरिक ॲसिड करतात. आणि हे सगळं अमेरिकेतच होतं असंही नाही, बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्था) १९९८ साली क्लेबसिएला आणि ऱ्होडोकॉकस यांच्या मिश्र कल्चरचा असा वेगळा रस्ता छापून आलाय, आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कॉफीच्या मळ्यातल्या मातीतून असा सुडोमोनास काढून त्यावर बरंच काम केलंय, साहजिकच, कूर्ग-चिकमगळूर शेजारी, तिथे कॉफीच्या फळाचा गर आणि सालं ढिगाने निघतात आणि कॅफिनमुळे ती ना जनावराला फार घालता येत ना तशीच फेकता येत.

आणि सगळ्यात भारी तो कॉफीचा बेरी बोरर. टाचणीच्या टोकाएवढा भुंगा, जवळपास सगळं आयुष्य कॉफीच्या बीत काढतो, दुसरा किडा असता तर तेवढ्या कॅफिनने गेला असता. २०१५ साली कळलं की त्याच्या पोटातले जिवाणू ते फोडतात, सुडोमोनास फुल्व्हा हा त्यातला एक, आणि त्याच्याकडे तीच ए वाली कात्री सापडली. अँटिबायोटिक देऊन पोट साफ केलं तर भुंग्याला कॅफिन पचेनासं झालं. म्हणजे किडा एकटा काहीच नाही, पोटातल्यांच्या जिवावर उड्या.

तर हे सगळं वाचून माझ्या मनात पुड्याबद्दल दोन शंका आल्या. पहिली, सुडोमोनास हा काही बीजाणू करणारा जिवाणू नाही. बॅसिलस कसा, परिस्थिती वाईट झाली की कवच करून झोपून जातो, वर्षं काढतो, म्हणून पुड्यात बॅसिलस टिकतो. सुडोमोनास कोरड्या पावडरीत हळूहळू मरतो, आणि उन्हात भाजला तर भराभर मरतो. कृषी सेवा केंद्रातून सुडोमोनासचा पुडा आणलात तर दुकानदार पण सांगतो सावलीत ठेवा, तारीख बघा. माझा पुडा सात महिन्यांचा, त्यात मे मधला प्रवास. आत कुणी जिवंत होतं का, हा प्रश्नच आहे.

दुसरी शंका गुळाची. पुड्यावर लिहिलेलं, ५० ग्रॅम पावडर, १०० ग्रॅम गूळ, ५ लिटर पाणी, दोन दिवस झाकून ठेवा. आता गूळ दिला की सगळेच वाढणार, जे कॅफिन खातात ते आणि जे खात नाहीत ते. पंगतीत जिलबी वाढलेली असताना कारल्याची भाजी कोण मागून घेईल? आयोवावाल्यांनी नेमकं उलटं केलं होतं, जिलबी दाखवलीच नाही. गुळाने कुजणं जोरात सुरू होतं हे खरं, पण कॅफिनसाठी खास म्हणून पैसे घ्यायचे आणि कृती मात्र सरसकट कुठल्याही कल्चरची द्यायची, हे मला पटलं नाही.

असो. बादल्या.

रंगाच्या २० लिटरच्या तीन रिकाम्या बादल्या घेतल्या, बुडाला आणि बाजूला भोकं पाडली. तिन्हीत सारखंच, भाच्याकडचा चोथा आणि वाळका पालापाचोळा, मापाने एकास दोन. पहिलीत पुड्याचं गूळपाणी, त्यांनी सांगितलं तस्सं. दुसरीत सासूबाईंच्या सांगण्यावरून खालच्या पेरूच्या बुंध्यातली दोन मुठी माती आणि गेल्या वर्षीच्या खताची एक ओंजळ. त्या म्हणाल्या जीवामृतात बांधावरची मूठभर माती टाकतात ती काय उगीच टाकतात का. मला ते आधी नुसतं जुनं वळण वाटायचं, पण आयोवावाल्यांनी वाफ्यातून चिमूट उचलली म्हणजे केलं तेच की. तिसरीत काही नाही, नुसतं पाणी. पाणी तिन्हीला रात्रभर उघडं ठेवलेलं, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि जिवाणू विकत घेऊन त्यांना क्लोरीन पाजायचं म्हणजे कमाल आहे (हे पण पुड्यावर कुठेच लिहिलेलं नाही). आठवड्यातून दोनदा खालीवर केलं, मुठीत दाबल्यावर थेंब येईल-न येईल इतपत ओल ठेवली.

कॅफिन मोजायचं मशीन माझ्याकडे नाही. म्हणून मेथी. प्रत्येक बादलीतलं मूठभर खत गरम पाण्यात भिजवून गाळून घ्यायचं, त्या गार झालेल्या पाण्यात टिश्यू भिजवून त्यावर मेथीचे २० दाणे, चार दिवस डब्यात बंद. किती रुजले आणि मूळ किती लांब गेलं ते बघायचं. सोबत साध्या पाण्यावरचे २०.

सुरुवातीला कच्च्या चोथ्याच्या पाण्यावर २० पैकी ६ रुजले, आणि तेही कसे, मूळ बाहेर आलं आणि तपकिरी टोक करून थांबलं. साध्या पाण्यावर १८. फरक एवढा की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

पहिल्या दहा दिवसांत पुड्याची बादली पुढे होती, खरं बोलायला हवं. हात घातला तर चांगली ऊबदार, वास गोडसर आंबूस, पालापाचोळा लवकर मऊ पडला. मला वाटलं आपण उगीच शिव्या घातल्या. तिसरी बादली तोवर नुसती ओली होऊन बसलेली. पण २१ दिवसांनी, म्हणजे दाव्याच्या दिवशी, पुड्याच्या बादलीवर ११ रुजले, मातीवालीवर १२, आणि काही न घातलेलीवर ८. मुळं तिन्हीकडे तोकडीच. ९० टक्के वगैरे काही झालेलं दिसलं नाही. सात आठवड्यांनी बघितलं तर १७, १८ आणि १६, आणि वास तिन्हीला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा. म्हणजे काही न घातलेल्या बादलीनेपण शेवटी गाठलंच, कारण पालापाचोळ्यावर आणि हवेत जे असतात ते आलेच असणार, फक्त उशिरा आले.

आता २० दाण्यांत एखाद-दोन इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही, तेव्हा मातीवाली जिंकली असं मी म्हणणार नाही. आणि मेथी अडते ती एकट्या कॅफिनमुळे नाही, चोथ्यात टॅनिन आणि बाकीची कडवट मंडळी पण असतात, त्यामुळे हे कॅफिनचं मोजमाप नाही, रोपाला चालेल का एवढंच कळतं. खरं मोजायची गंमत अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठवाल्यांनी केलीये, २०१३ साली त्यांनी त्या सीबीबी-५ च्या कात्र्या ई. कोलाय जिवाणूत बसवल्या आणि त्याचं स्वतःचं एक जनुक बंद केलं, अशा बेताने की कॅफिन मिळालं तरच त्याला वाढता येईल. मग जेवढी वाढ तेवढं कॅफिन, त्यावरून पेयांमधलं मोजून पण दाखवलं. कॅफिनचं व्यसन लागलेला जिवाणू. आमच्याकडे सकाळी साडेसहाला माझे मिस्टर.

पैशाचं गणित. २२० ग्रॅममध्ये माझ्या मापाच्या चार बादल्या होतात, म्हणजे बादलीमागे साधारण शंभर रुपये, गूळ वेगळा. पेरूखालची माती फुकट. ज्यांच्याकडे माती नाहीच, सगळं सिमेंट आणि विकतचं कोकोपीट, त्यांनी एकदा घेतला तर मी समजू शकते, पण तरी शेजाऱ्याकडून ओंजळभर तयार खत मागून आणणं जास्त बरं, त्यात जिवंत माल असतो आणि तो काल-परवाचा असतो. घ्यायचाच असेल तर बनवल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली बघा, जिवाणूंची नावं छापलेली बघा, आणि एप्रिल-मे मध्ये मागवू नका. माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार. एक त्या पहिल्या दहा दिवसांच्या उबेसाठी, एक पावडरीला वास नाही म्हणून. पॅकिंग आणि अंगठ्याचे कापले.

चहाचं विचारलंय दोघीतिघींनी, तर चहाच्या चोथ्याला असलं काही लागत नाही. आपण चहा उकळून उकळून त्याचा जीव काढतो, कॅफिन बहुतेक कपात येतं. तिथे त्रास दुधाचा आणि साखरेचा, न धुता टाकलात तर मुंग्या, चिलटं, आणि तिसऱ्या दिवशी अळ्या. चाळणीतच नळाखाली धरायचा, पिळायचा, एक दिवस वाळवायचा. टपरीवरून बादलीभर आणत असाल तर त्यात आलं आणि वेलदोड्याची सालं पण असतात, ती कुजतात सावकाश पण कुजतात. टी-बॅग असेल तर फाडून पत्ती तेवढी घ्या, पिशवी बऱ्याचदा प्लास्टिकची असते.

हां, आणि बादलीला झाकण घट्ट हवं, वर वीट ठेवा. खालच्या मजल्यावरचा लॅब्रॅडॉर एकदा गच्चीवर येऊन पहिल्याच आठवड्यातल्या बादलीत तोंड घालून बसला होता, नशिबाने नाकावरच निभावलं. कुत्र्यांना कॅफिन आणि थिओब्रोमीन दोन्ही बाधतं, थिओब्रोमीन तर आपल्यासारखं पटकन पचतच नाही, चॉकलेट देत नाहीत ते त्याचमुळे, आणि कच्च्या चोथ्याची बादली म्हणजे त्याच घरातली. त्याने खाल्लंय असं वाटलं तर वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. आमची बादली आता पाण्याच्या टाकीमागे गेलीये, आणि उरलेला पुडा भाच्याच्या दुकानात, त्याला म्हटलं तूच वापर, दाराशी तुळस आहे तिच्या मातीत आधी कालव.